नाव देऊ ना फोटोखाली!

मंडळी, आजचा लेख जरा तिखट आहे. आठवड्याचे पाच दिवस लॅपटॉप आणि दोन दिवस कॅमेरा, असं आयुष्य असणाऱ्या आपल्यासारख्यांसाठीच तो आहे. झोंबला तर योग्य पत्त्यावर पोचला असं समजा.

मुद्दा एकच. ट्रेकिंगचे कपडे विकणाऱ्या कंपन्यांना आपण आयटीतली मंडळी फोटो फुकट देतो. फुकट म्हणजे कधी एका रेन जॅकेटच्या बदल्यात, कधी सॅकच्या, आणि बहुतेक वेळा फोटोखाली बारीक अक्षरात येणाऱ्या आपल्या नावाच्या बदल्यात. हे बंद करा. 'जरा विचार करा' वगैरे गुळमुळीत सल्ला मी देत नाहीये. बंद करा. फोटो द्यायचाय तर बिल लावा, बिल लावायची लाज वाटते तर फोटो स्वतःच्या हार्ड डिस्कवर ठेवा.

"तू कोड लिहितोस, तुला काय पडलंय?" असं विचारणार, माहीत आहे. माझा एक जुना मित्र पूर्णवेळ कमर्शियल फोटोग्राफर आहे आणि त्याचं निम्म्याहून जास्त काम आउटडोअर कपड्यांचं. गेली काही वर्षं सुट्ट्या जुळल्या की मी त्याच्या शूटला जातो. हुद्दा असिस्टंट, काम हमालाचं. रिफ्लेक्टर धरायचा, सॅका वाहायच्या, रात्री मेमरी कार्डांचा दोन डिस्कवर बॅकअप घ्यायचा (हे एवढंच काम माझ्या डिग्रीला शोभणारं). आणि तो मला दिवसाचे पैसे देतो. पहिल्यांदा मी "अरे, मैत्रीत काय" म्हटलं, तर म्हणाला, "मग येऊ नकोस, मी दुसरा पोरगा बघतो." तेव्हा जरा विचित्र वाटलं होतं. आता वाटत नाही.

हे काम नक्की काय असतं ते आधी सांगतो, कारण आपल्यापैकी बऱ्याच जणांची कल्पना 'डोंगरावर जायचं, सूर्योदयाला जॅकेट घालून कड्यावर उभं राहायचं, क्लिक' इथे संपते.

या धंद्यात ऋतू उलटे असतात. रेन जॅकेट दुकानात मे महिन्यात लागायला हवं, म्हणजे त्याचा फोटो फेब्रुवारी-मार्चमध्ये निघायला हवा. मार्चमध्ये सह्याद्री कसा दिसतो? भंडारदऱ्याला जा, रतनगडाच्या वाटेला जा, सगळं गवत वाळून पिवळं, कारवीच्या काटक्या, आणि दुपारी अकरा वाजताच दगड चटके देतोय. त्यात 'मुसळधार' दाखवायची आहे. मग मित्र आंबोलीला जातो. तिथलं जंगल सदाहरित, निमसदाहरित आहे, मार्चमध्येही मागे हिरवं मिळतं. धबधब्यांत मात्र तेव्हा पाणी नसतं, म्हणून फ्रेम घट्ट ठेवायची. आणि पाऊस? शेतकरी औषध मारायला जो पाठीवरचा फवारणी पंप वापरतात ना, तो. अर्थात औषध कधीच न भरलेला, नवा कोरा. एक मी मारतो, एक गावातला मुलगा. त्यातही गंमत अशी की समोरून उजेड असला तर पाण्याचे थेंब फोटोत दिसतच नाहीत. उजेड मागून यावा लागतो आणि मागची झाडी काळोखी असावी लागते, तेव्हा कुठे पाऊस 'पडतो'. असा उजेड झाडीत सकाळी जेमतेम पाऊण तास मिळतो. त्या पाऊण तासासाठी पहाटे साडेतीनला उठून, मॉडेलचा मेकअप करून, गेस्ट हाऊसच्या एकुलत्या एका प्लगवर स्टीम इस्त्री लावून बसायचं. इस्त्री आणि मेकअपवालीचा लाइट एकाच वेळी लावले तर फ्यूज जातो, हा माझा वैयक्तिक शोध.

थंडीच्या जॅकेटांचं याच्या उलट. विक्री ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून, शूट मे-जूनमध्ये, आणि बर्फ तर हवा. म्हणजे रोहतांगच्या किंवा बारालाचाच्या बाजूला जा. रोहतांग ३,९७८ मीटर. २०२० मध्ये अटल बोगदा झाल्यापासून लाहौलला जाणारी गाडी डोंगराच्या पोटातून जाते, पण बर्फ वरच आहे, त्यामुळे परमिट काढून वर चढणं आलंच. बर्फात कॅमेऱ्याचा मीटर फसतो. त्याला सगळं करडं करायची खोड, पांढऱ्याधोप बर्फाचाही तो राखाडी चिखल करतो, म्हणून एक-दीड स्टॉप जास्त उजेड द्यायचा. तो दिला की भगवं जॅकेट बोंबलतं. भडक भगव्या-लाल कापडात कॅमेऱ्याचा लाल चॅनेल सगळ्यात आधी फुटतो आणि कापडाची वीण, शिवण सगळं सपाट होऊन नुसता रंगाचा डबरा उरतो. शिवाय सावलीत बर्फावर आकाशाचा निळा रंग सांडतो, त्यामुळे काळं जॅकेट निळं दिसायला लागतं. फोटो सुंदर असेल, पण माल विकणाऱ्याला तो नको. ग्राहकाने वेबसाइटवर काळं पाहून मागवलं आणि निळं वाटलं, की माल परत. म्हणून उजेड बदलला की ग्रे कार्ड, रंगांच्या चौकोनांचं कार्ड, पुन्हा फोटो. दिवसातून पंचवीस वेळा.

बरं, जॅकेटसुद्धा एकच असतं. कारखान्यातून नमुन्याचा एकच पीस येतो, एकाच मापाचा, आणि मॉडेल त्या मापाची निघेलच असं नाही. मग पाठीला कपडे वाळत घालायचे चिमटे. कॅटलॉगमधला तो रुबाबदार हिमालयवीर पाठमोरा वळला तर तुम्हाला हसू आवरणार नाही. पिसांचं जॅकेट प्रवासात दबून पोळी झालेलं असतं, ते प्रत्येक फोटोआधी झटकून फुगवायचं. वीस-पंचवीस प्रकारचे कपडे, प्रत्येकाचा पुढून, मागून, चालताना, चेनचा क्लोजअप, टोपी वर, टोपी खाली. जाहिरातीचा मजकूर बसावा म्हणून डावीकडे आकाश रिकामं सोडायचं. ढग आले, मॉडेलला उंची बाधली, बॅटरी थंडीने अर्ध्यात गेली, तरी यादी संपलीच पाहिजे, कारण परतीची गाडी ठरलेली आहे. परत आल्यावर प्रत्येक फोटोचा रंग नमुन्याच्या कापडाशी ताडून बघत तो पाच-सहा दिवस खुर्चीत बसतो. ते बघितलं की आपलं डीबगिंग बरं वाटतं.

आता तुमचा फोटो घ्या. हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा, मित्राने लाल जॅकेट घातलंय, खाली ढग. फोटो झकास आहे, मी टोमणा मारत नाहीये. कंपनीच्या सोशल मीडियावाल्या मुलीचा मेसेज येतो, "हाय! लव्ह युअर वर्क! आम्ही हा वापरू शकतो का? अर्थात क्रेडिट देऊ!" आणि आपण पाघळतो. शंभर टिकटं मारून एखादा बग बंद केल्यावर मॅनेजर "गुड" म्हणत नाही, आणि इथे अख्खी कंपनी 'लव्ह युअर वर्क' म्हणतेय! दोन मिनिटांत ओरिजिनल फाइल ई-मेलने रवाना, फुल रिझोल्यूशनमध्ये.

तो फोटो कशाच्या जागी गेला हे कुणी विचारत नाही. माझ्या मित्राच्या एका क्लायंटने (नाव लिहीत नाही) तीन दिवसांचं लोकेशन शूट आधी दोनवर आणलं, मग एका दिवसावर, मग सांगितलं की आता फक्त पांढऱ्या पडद्यासमोर स्टुडिओत काढून दे, बाहेरचे फोटो आम्हाला 'कम्युनिटी'कडून मिळतात. कम्युनिटी म्हणजे कोण? मी आणि तुम्ही. ज्यांच्या कॅमेऱ्याचा हप्ता पगारातून जातो. त्याच्या कॅमेऱ्याचा हप्ता त्याच फोटोंतून जायचा. आणि तो एकटा नाही. मेकअपवाली, मॉडेल, आंबोलीचा तो पंप मारणारा मुलगा, मनालीचा ड्रायव्हर, सामान वर नेणारे गडी, या सगळ्यांची मजुरी त्या तीन दिवसांत होती. आपल्या 'पॅशन'ने त्यांचे दोन दिवस खाल्ले.

इथे दोन-तीन ठरलेली उत्तरं येतात. कट्ट्यावर ऐकून ऐकून मला पाठ झाली आहेत.

पहिलं, "माझा फोटो चांगला आहे म्हणून घेतात, बाजार आहे." अगदी मान्य. चांगला आहे तर विका की! हौशी माणसाने धंद्यात येऊच नये असं माझं म्हणणं अजिबात नाही. गॅलन रोवेल हे डोंगरी फोटोग्राफीतलं केवढं मोठं नाव. हा गृहस्थ बर्कलीत मोटारदुरुस्तीचा धंदा चालवायचा आणि सुट्टी मिळाली की योसेमिटीच्या भिंतींवर चढायला पळायचा. १९७२ मध्ये धंदा विकून पूर्णवेळ फोटोग्राफर झाला आणि १९७४ मध्ये नॅशनल जिऑग्राफिकच्या मुखपृष्ठावर त्याची गोष्ट होती. आपल्यासारखाच वीकेंडवाला. या, जरूर स्पर्धा करा, पण भाव लावून. शून्य रुपयांशी स्पर्धा कोण करणार? उद्या एखादा श्रीमंत बापाचा पोरगा येऊन "मला कोडिंगची आवड आहे, मी तुमचं मॉड्यूल फुकट करतो, फक्त अबाउट पेजवर नाव टाका" म्हणाला, तर आपल्या कॅन्टीनमध्ये काय शिव्या पडतील ते मी इथे लिहू शकत नाही.

दुसरं उत्तर जास्त हुशार आहे. "ओपन सोर्स फुकटच देतो ना आपण?" हे म्हणणाऱ्यांनी लायसन्सची फाइल कधी उघडलेली नसते. ओपन सोर्समध्ये कोड सगळ्यांना मिळतो, आणि कोणत्या अटींवर ते लिहिलेलं असतं. जीपीएलवाला तर म्हणतो, माझ्यावर बांधून पुढे वाटलंस तर तुझंही उघडं कर. कंपनीला ई-मेलने पाठवलेला फोटो 'सगळ्यांचा' होत नाही, तो एका कंपनीच्या फोल्डरमध्ये जातो. समाजाला द्यायचाय? विकिमीडिया कॉमन्सवर टाका, क्रिएटिव्ह कॉमन्स लायसन्स लावा, मी टाळ्या वाजवीन. आपल्या कित्येक किल्ल्यांचे तिथे धड फोटो नाहीत.

आणि कॉमन्सची आठवण निघालीच आहे तर २०१९ ची गोष्ट ऐका. द नॉर्थ फेसची ब्राझीलमधली शाखा आणि तिची जाहिरात संस्था यांनी काय केलं, तर प्रसिद्ध ठिकाणांच्या विकिपीडिया लेखांतले आधीचे फोटो काढून तिथे आपले कपडे घातलेल्या लोकांचे फोटो घुसवले. हेतू हा, की माणूस त्या ठिकाणाचं नाव शोधेल तेव्हा निकालात वरती आपलं जॅकेट दिसावं. वर याचा व्हिडिओ काढून एक पैसा न देता वर पोचलो अशी फुशारकी! विकिपीडियाच्या स्वयंसेवकांनी ते फोटो काढले किंवा ब्रँड कापून टाकला, आणि कंपनीला माफी मागावी लागली. लोकांनी समाजासाठी फुकट ठेवलेली जागासुद्धा यांना जाहिरातीची भिंत वाटते. आणि तुम्ही तर घराची किल्लीच ई-मेलने पाठवताय.

तिसरं उत्तर, "अरे, मला जॅकेट दिलं ना त्यांनी!" दिलं ना. सात हजारांची छापील किंमत, कंपनीला ते पडलं कितीला हे तुम्हीच ताडा. आयकर खात्याला मात्र यातलं सगळं कळलेलं आहे. धंद्यात किंवा व्यवसायात मिळालेल्या अशा फुकट वस्तूंची किंमत वर्षाला २० हजारांवर गेली तर देणाऱ्याने १० टक्के कर कापायचा, असा नियम जुलै २०२२ पासून आला. म्हणजे सरकारच्या लेखी ते जॅकेट उत्पन्न आहे. आपल्याच लेखी ती 'भेट' आहे.

आता कायद्याचं. मी वकील नाही, पण कायदा काही असेंब्ली लँग्वेजमध्ये नाहीये, बसून वाचला की कळतो. १९५७ चा आपला कॉपीराइट कायदा, कलम १७. फोटोचा पहिला मालक फोटो काढणारा, हा साधा नियम. पण खाली पोटकलम आहे : कुणाच्या सांगण्यावरून, मोबदला घेऊन फोटो काढला असेल आणि उलट करार नसेल, तर पहिला मालक तो सांगणारा. म्हणजे माझा मित्र साधा "शूटचे इतके" असा एका ओळीचा निरोप पाठवून काम करेल, तर सगळे फोटो कायमचे कंपनीचे. म्हणून त्याच्या कोटेशनवर स्पष्ट असतं की कॉपीराइट माझ्याकडे, तुम्हाला वापराचा परवाना, इतकी वर्षं, या देशात, या माध्यमांत. वेबसाइटसाठी घेतलेला फोटो विमानतळाच्या होर्डिंगवर लावायचा तर वेगळे पैसे. आपल्याला सर्व्हरमागे, युजरमागे लायसन्स घ्यायची सवय आहे, त्यामुळे यात कळायला अवघड काही नाही. तरी हेच वाक्य फोटोग्राफर म्हणाला की आपल्या लोकांना तो 'भाव खातोय' असं वाटतं.

उलट तुमचा कोकणकडा कुणीच काढायला सांगितला नव्हता. त्याचे मालक निर्विवाद तुम्ही आहात. वापराचा परवाना कायद्याने लेखी लागतो, आणि त्यात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. एवढं कवच कायद्याने दिलंय. ते आपण 'शुअर, गो अहेड, एनी टाइम, एनीव्हेअर' असं लिहून स्वतःच्या हाताने फेकतो. 'हा हॅशटॅग लावून फोटो टाका आणि जिंका' या स्पर्धांचे नियम तर एकदा डोळे फाडून वाचा. कायमस्वरूपी, जगभर, विनामूल्य, बदल करण्याच्या हक्कासह, असं बहुतेक ठिकाणी तिसऱ्या-चौथ्या परिच्छेदात सापडेल. बक्षीस एकाला, फोटो सगळ्यांचे. महिनाभराच्या शूटचा माल त्यांना एका सॅकच्या किमतीत मिळतो.

पैसे मागायची वेळ आली की आपल्याला मराठी संकोच ग्रासतो. "कसं मागायचं?" अहो, ज्याचं पोट यावर आहे तो तरी कुठे सुखाने मागतो! माझ्या मित्राची बिलं चार-चार महिने अडकतात. तो लघुउद्योग म्हणून रीतसर नोंदणी केलेला आहे. २००६ च्या एमएसएमई कायद्यानुसार अशा माणसाचे पैसे करार असला तरी ४५ दिवसांच्या आत द्यावे लागतात, नाही तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. हे सगळं त्याला तोंडपाठ आहे. पण व्याज मागितलं की पुढचं काम जातं, कारण समोरच्याला ठाऊक असतं की फुकट देणारे दोनशे जण रांगेत उभे आहेत. कायदा त्याच्या बाजूला आहे, आणि रांगेत आपण.

छोट्या, नव्या कंपनीचं काय? तिच्याकडे खरंच पैसे नसतात, हे मला पटतं. कंपनी तुमच्या मैत्रिणीची आहे, चार माणसं आहेत, तर द्या ना जॅकेटच्या बदल्यात. पण कागद करा. जॅकेटची किंमत लिहा, एक फोटो, एक वर्ष, फक्त त्यांचं इन्स्टाग्राम. पुढच्या वर्षी गुंतवणूक आली की पैसे. जी कंपनी मॉलमध्ये दुकानाचं भाडं भरते, क्रिकेटपटूला पैसे देते, छापखान्याला देते, जॅकेटच्या खोक्याला देते, तिला फक्त फोटोच्याच वेळी 'बजेट नाही' असं कसं होतं, हे मात्र मला आजवर कुणी समजावलेलं नाही.

तर पुढचा 'लव्ह युअर वर्क' आला की काय लिहायचं ते देऊन ठेवतो, कॉपी-पेस्ट करा (हे फुकट आहे, लायसन्स लागत नाही :)) :

"धन्यवाद. हा फोटो व्यावसायिक वापरासाठी उपलब्ध आहे. कोणत्या माध्यमात, किती काळ आणि कोणत्या देशांत वापरणार ते कळवा, म्हणजे दर पाठवतो. फोटोखाली माझं नाव हवंच, पण ते दरात धरलेलं नाही. लेखी परवान्यानंतर आणि रक्कम मिळाल्यावर मूळ फाइल पाठवीन."

दर किती लावायचा ते ठाऊक नसेल तर तुमच्या शहरात हेच काम करणाऱ्या एखाद्या फोटोग्राफरला फोन करून विचारा आणि त्याच्याखाली जाऊ नका. बहुतेक वेळा त्या ई-मेलला उत्तर येणार नाही, हेही सांगून ठेवतो. मित्राला विचारलं तर म्हणाला, "उत्तर नाही आलं की दोन आठवड्यांनी मला फोन येतो."

(कमेंट्समध्ये शिव्या घालायला हरकत नाही. फक्त "एक्स्पोजर मिळतं" हा मुद्दा आणू नका, एक्स्पोजर आमच्याकडे स्टॉपमध्ये मोजतात.)